ढिगावरची टिटवी

देवासला मी जिथे भाड्याने राहते, त्या घरामागे एक रिकामा प्लॉट आहे. दुपारी दोनच्या सुमारास सगळी कॉलनी पंख्याखाली पडलेली असताना तिथून टिटवी ओरडते. माझ्यासमोर पुस्तक उघडं असतं, पेपर चार दिवसांवर आलेला असतो, तरी मी उठून गच्चीत जाते. खोलीतली मैत्रीण म्हणते, "यार, पक्षी ही तो है." तिला काय सांगू? वैशाखात टिटवी ओरडली की आमच्या घरी हातातलं काम थांबतं. आई पोळी तव्यावर ठेवून दाराशी येते. नाना चष्मा शोधायला लागतात, जणू आवाज ऐकायलाही चष्मा लागतो.

वडिलांना नाना म्हणायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. पणजोबा संस्थानात कारकून होते असं सांगतात, पण त्याचा पुरावा म्हणून घरात एक पितळी दौत सोडून काही नाही. नाना आठवी शिकलेले. लोहारद्याच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला नदीकाठी महादेवाचं देऊळ. त्याची पूजाअर्चा नानांकडे. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. शाळा हिंदीत झाली, त्यामुळे मराठी वाचायला शिकले ती नानांच्या पंचांगावर बोट ठेवून. अजून अडखळते. लिहिताना जास्तच. पण ही गोष्ट घरात मराठीत घडली, म्हणून मराठीत लिहिते आहे.

आमची नदी छोटी. उन्हाळ्यात ती एका बाजूला अंग चोरून वाहते आणि उरलेल्या पात्रात गोल, गुळगुळीत गोटे उघडे पडतात. इकडे त्याला बजरी म्हणतात. लांबून पाहिलं तर ओसाड वाटेल. पण वैशाखात त्या ओसाडीवर पाय ठेवताना नाना मला हाताला धरून थांबवायचे. कारण टिटवी घरटं बांधतच नाही. चार गोट्यांच्या मध्ये जराशी खोलगट जागा करते आणि तिथे गोट्यांच्याच रंगाची ठिपकेदार अंडी घालते. दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत.

ती शोधायचं आम्हाला एक कारण होतं. आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना देवळाच्या ओट्यावर पंचांगातलं पर्जन्यफल वाचतात. लोक मान डोलावतात. वाचून झालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "पंडितजी, ये तो किताब की बात हुई. टिटोड़ी कई के री है?" म्हणजे टिटवी काय म्हणते आहे? टिटवीने उंचावर अंडी घातली असतील तर पाऊस मोठा, खाली पाण्यालगत असतील तर दुष्काळ. जितक्या अंड्यांची टोकं खाली, तितके महिने पावसाचे. गावाचा पंचांगावर विश्वास आहे, पण टिटवीवर जरा जास्त आहे.

म्हणून आखातीजेच्या आधी चार-पाच दिवस मी आणि नाना सकाळी पात्रात उतरायचो. नानांचे नियम ठरलेले. सरळ अंड्यांकडे चालत जायचं नाही, माग काढत कुत्री येतात. बोट दाखवायचं नाही, कावळा बघत असतो. वाकून एकदा पाहायचं आणि निघायचं. तेवढ्या वेळात नर-मादी दोघं डोक्यावर घिरट्या घालून आकांत करायची. काठाच्या रेतीत गेंदालालकाकांची टरबूज-खरबुजांची वाडी होती. ते वेलांतूनच ओरडायचे, "पंडितजी, जल्दी करो भिया! तुम तो देख के चले जाओगे, फिर ये दिन भर मेरी खोपड़ी पे नाचेगी!"

त्या वाडीच्या कडेला बसून मी एक गोष्ट पाहिली होती. भर दुपारी टिटवी पाण्याशी जायची, पोट भिजवायची, आणि तसंच ओलं पोट घेऊन तुरुतुरु पळत येऊन अंड्यांवर बसायची. पुन्हा जायची, पुन्हा यायची. तापलेल्या गोट्यांमध्ये ती अंडी उबवत नव्हती, निववत होती. पुढे प्राणिशास्त्राच्या तासाला मॅडमनी हेच सांगितलं. मी हात वर करणार होते. केला नाही. वर्गातल्या मुली इंग्रजी शाळांतून आलेल्या, आणि मी काय सांगणार, की मी हे टरबुजाच्या वाडीत बसून पाहिलंय?

ही गप्प बसायची सवय मला वाईट भोवली, ती गेल्या वर्षी.

त्याआधीच्या दिवाळीनंतर नदीवर बजरीची खदान सुरू झाली. कुणाला परवाना मिळाला, किती खोल खणायचं होतं, ते गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आधी एक पोकलेन आलं, मग डंपर, मग बजरी चाळायची मोठी जाळी. महिन्याभरात पात्राच्या मधोमध असलेलं गोट्यांचं बेट गेलं. त्या बेटावर सुरय पक्षी यायचे, पांढरेशुभ्र, पिवळ्या चोचीचे. त्या वर्षीही आले. दोन दिवस बेट होतं त्या जागेवर हवेत फिरत राहिले आणि गेले. काठाच्या उभ्या दरडीत वेड्या राघूंची बिळं होती. दरड रस्त्याला आडवी येत होती, म्हणून पोकलेनच्या एका फटक्यात खाली आली. बजरी धुतलेलं गढूळ पाणी परत नदीत सोडायचे. त्याचा गाळ खाली वाहून गोट्यांच्या फटी बुजल्या. त्या फटींत छोटे मासे असायचे, किडे असायचे. गेंदालालकाकांच्या वाडीवर डंपरच्या धुळीची राखाडी साय धरली. काका एकेक टरबूज धोतराने पुसायचे आणि खदानीवरच्या मुंशीच्या नावाने म्हणायचे, "देखो, मुंशी ने पौडर लगा के भेजा है, शादी में जा रिया है."

आम्ही हसायचो. आता मला त्या हसण्याचा राग येतो.

आखातीजेच्या तीन दिवस आधी मी सुट्टी काढून घरी गेले. सकाळी नानांबरोबर नदीवर उतरले, तर उतरायला जागाच नव्हती. जिथे बजरी होती तिथे खड्डा होता, दोन माणसं खोल, तळाशी हिरवं पाणी. उरलेल्या जमिनीवर डंपरची ये-जा. आणि खड्ड्याच्या काठी चाळलेल्या बजरीचे तीन ढीग, घराएवढे उंच. आम्ही टिटवीचा आवाज ऐकत होतो, पण ती दिसत नव्हती. मग नानांनी मान वर केली. मधल्या ढिगाच्या अगदी माथ्यावर ती बसली होती.

नाना चप्पल काढून, हातापायांवर चढले. खाली आले तेव्हा गुडघे खरचटले होते आणि चेहरा उजळला होता. "चार आहेत गं. चारही टोकं खाली. आणि इतक्या उंच! माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलं नाही."

त्या क्षणी एक वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. नाना, ती वर गेली कारण खाली जागाच नाही. एवढंच वाक्य. मी गिळलं. नाना इतके खूश होते. शिवाय मनात आलं, मी काल कॉलेजात गेलेली मुलगी, त्यांना पक्षी शिकवू?

आखातीजेला ओटा भरला होता. नानांनी सांगितलं, टिटवी घराएवढ्या उंचीवर, चारही टोकं खाली. "घणो पाणी!" म्हणून लोकांनी टाळ्याच वाजवल्या. गेंदालालकाकांनी कपाळाला हात लावला, मोठा पाऊस म्हणजे नदी लवकर चढणार, त्यांची वाडी काठाच्या रेतीतली. दुसऱ्याच दिवसापासून ते वेल उपटू लागले. अर्धी टरबुजं आतून अजून पांढरी होती.

नाना मात्र मुंशीकडे गेले. मुंशी म्हणजे खदानीवरचा ठेकेदाराचा माणूस, गोरा, पान खाणारा, बोलायला अतिशय गोड. नाना म्हणाले, "मुंशीजी, बच्चे निकलने तक वो बीच वाला ढेर मत उठाना. तीन-साढ़े तीन हफ्ते."

मुंशीने कान पकडले. "राम-राम, पंडितजी! टिटोड़ी ने तो हमारे ढेर को पवित्र कर दिया. ऊपर कोई हाथ नी लगाएगा. मेरी जबान."

आणि त्याने ढिगाच्या खालच्या अंगाला एक भगवं निशाण रोवलं, झेंडूची माळ घातली. डंपरवाले येता-जाता हात जोडायला लागले. कुणी उदबत्ती लावली. मला वाटलं, चला, श्रद्धेने का होईना, वाचली.

पाचव्या दिवशी सकाळी आवाज ऐकून मी धावले. पोकलेन मधल्या ढिगाच्या नदीकडच्या अंगाने खालून बजरी उचलत होतं. वर कुणी हात लावला नव्हता, हे खरं. खालून रिकामा होत गेलेला ढीग एका क्षणी स्वतःच बसला. निशाण, माळ, अंडी, सगळं त्या घरंगळीत खाली आलं. एक अंडं जाळीच्या पायाशी फुटलेलं सापडलं. बाकीची सापडली नाहीत. गोट्यांत गोट्यांसारखी अंडी, डंपरमध्ये भरली गेली असतील आणि कुठल्याशा इमारतीच्या स्लॅबमध्ये गेली असतील.

मुंशी शांतपणे म्हणाला, "बेन, हमने ऊपर तो छुआ ही नी. वो तो अपने-आप गिरा."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्यानंतर मी जिथे-जिथे नदीविषयी कुणाला बोलताना ऐकलं, तिथे हेच वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत ऐकलं. पाणी अपने-आप गढूळ झालं. पक्षी अपने-आप गेले. दरड अपने-आप पडली.

ढीग उचलल्यावर तिथे सपाट जमीन उरली. टिटवी त्या सपाट जमिनीवर दोन दिवस फिरली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला पाण्याशी जाताना पाहिलं. पोट भिजवून ती पळत आली, ढीग जिथे होता बरोबर तिथे थांबली, आणि जमिनीवर बसली. खाली काहीच नव्हतं. तरी ती बसून राहिली.

आणि त्या वर्षी मृग कोरडा गेला. पाऊस आला तोही उशिरा आणि कंजूष. गेंदालालकाकांनी नानांच्या शब्दावर उपटलेले वेल काठावर वाळून गेले होते. काका नानांना काही बोलले नाहीत. पण चहाच्या टपरीवर लोक बोलत. "भिया, पंडितजी की टिटोड़ी भी सरकारी निकली. बोली कुछ, हुआ कुछ." नाना समोरून जात असले तरी आवाज खाली यायचा नाही. नाना टपरीचा रस्ता सोडून मागच्या गल्लीने जायला लागले. संध्याकाळी आईला एकदा म्हणाले, "पक्षी खोटं बोलेल असं वाटलं नव्हतं."

तेव्हाही मी बोलले नाही. ज्याची जमीन काढून घेतली, ज्याची अंडी डंपरमध्ये भरली, त्यालाच पुन्हा सगळ्या गावाने खोटारडा ठरवलं, आणि मी भाजी निवडत बसले होते.

पावसाळा संपल्यावर खदान दुरुस्त करायचं काम निघालं. खणलेली जागा पुन्हा पूर्ववत करून द्यायची, असा नियम आहे म्हणे. मला बरं वाटलं. झाडं लावायला कॉलेजच्या स्वयंसेवकांची बस आमच्याच गावाला जाणार होती. मी सगळ्यांत पुढे बसले. उरलेल्या बजरीवर कुठून तरी खरवडून आणलेली काळी माती पसरली होती, तिच्यावर खड्डे मारून ठेवले होते. आम्ही गुलमोहर लावले. फोटो निघाले. प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं, 'उजाड़ भूमि को जीवन दिया' असं छापलेलं. फोटोत मी हसते आहे. माझ्या पायाखाली जी माती आहे तिच्याखाली टिटवीची जागा आहे, हे मला बसमध्ये परतताना कळलं. उशिरा कळायची मला सवयच आहे.

हिवाळ्यात जाऊन पाहिलं तर गुलमोहर निम्मे वाळलेले होते आणि काळ्या मातीवर गाजर गवत कमरेइतकं माजलं होतं. त्यात कुत्री दडायची. खड्ड्याचं तळं झालं होतं, काठाला दगड रचून सरळ भिंत केलेली, इतकी सरळ की बगळ्यालाही उभं राहायला उथळ पाणी नाही. वेड्या राघूंची दरड जिथे होती तिथेही दगड. बाक होता. बोर्ड होता.

मी मॅडमना विचारलं. या वेळी हात वर केला. मॅडम म्हणाल्या, "दुरुस्त करण्याआधी एकच विचारायचं असतं, इथे पहिले कोण राहत होतं?" काठ उतरता ठेवायचा, थोडं उथळ पाणी ठेवायचं, दरड तशीच सोडायची, बजरी उघडी ठेवायची. यातलं काहीच अवघड नाही. उलट अर्ध्या गोष्टी काही न केल्याने होतात. पण काही न करण्याचा फोटो कसा काढणार?

यंदा आखातीजेच्या दोन दिवस आधी नानांचा फोन आला. म्हणाले, मुंशी आला होता. काम पूर्ण झाल्याची पूजा आखातीजेलाच करायची आहे, दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब पाहायला येणार. देवळाच्या घाटाशी बजरीचा एक पट्टा राहिलाय, तेवढ्यावर पूजेनंतर माती टाकली की संपलं.

मग म्हणाले, "त्या पट्ट्यात टिटवीने अंडी घातलीत."

पेपर डोक्यावर होता. मी बस पकडली. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर नाना आणि मी बसलो. पट्टा केवढा, तर नानांच्या वीस पावलांएवढा लांब आणि सहा पावलं रुंद. संपूर्ण नदीकाठातून उघडी बजरी एवढीच उरलेली. टिटवी त्यात मान वर करून बसली होती.

मी म्हणाले, "नाना, मागच्या वर्षी ती उंचावर पावसासाठी गेली नव्हती. खाली आपण तिला जागाच ठेवली नव्हती. मला तेव्हाच वाटलं होतं. मी बोलले नाही."

मला वाटलं, नाना रागावतील. ते म्हणाले, "मी ढिगावर चढलो, गं. वरून सगळा खड्डा दिसत होता मला. तरी मी अंड्यांची टोकंच मोजत बसलो."

आखातीजेला ओटा भरला, पण मागच्या वर्षीइतका नाही. घाटाच्या वाटेवर मातीने भरलेली ट्रॉली उभी होती. नानांनी पंचांग वाचलं. मग टपरीवरच्यांपैकी एकाने मुद्दामच विचारलं, "और पंडितजी, टिटोड़ी? अबके कौन-सी मंजिल पे है?"

लोक हसले. नानांनी पंचांग मिटलं.

"गए साल मैंने गलत पढ़ा," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, मागचे लोक पुढे सरकले. "टिटोड़ी ऊँचे पे इसलिए गई थी कि नीचे हमने उसके लिए जगह नी छोड़ी थी. पानी का उसने कुछ नी कहा था. गेंदालाल भिया, तुम्हारे वेले मेरे कहने से उखड़े. दोष मेरा है, पंछी का नी."

गेंदालालकाका खाली बघत होते. मग म्हणाले, "वो तो हो गया, पंडितजी. अबके काँ दिए?"

"नीचे. घाट के पास, बजरी में."

ओट्यावर एकदम गलका झाला. "नीचे? मतलब सूखा!"

"नीचे मतलब, नीचे अभी जगह बची है," नाना म्हणाले. "इससे आगे मैं नी पढ़ूँगा. अब कभी नी."

मुंशी पुढे आला. "पंडितजी, मुहूर्त निकल रिया है. ट्रॉली खड़ी है."

"पूजा होगी. उस पट्टे पे माटी नी डलेगी."

"एक पट्टे से क्या होता है? पौधे लगेंगे, हरा-भरा हो जाएगा!"

आणि मी उभी राहिले. म्हणाले, "हरा नहीं चाहिए. वहाँ कभी हरा था ही नहीं. वहाँ पत्थर थे और पत्थरों में अंडे थे. आपने ऊपर हाथ नहीं लगाया था, अबके नीचे भी मत लगाइए."

मग गेंदालालकाका उठले, पंचा झटकला. "ले भई, पंडितजी की छोरी की फीस वसूल हुई." आणि ते वाडीतून टोपली-टोपली करून टरबुजं आणून ट्रॉलीसमोर वाटेवर मांडत बसले. मुंशी म्हणाला हे काय? "दुकान," काका म्हणाले. "त्योहार है. फोड़ के जाना हो तो जाओ, गाँव देख रिया है." टरबुजांच्या त्या वाटेवरून ट्रॉली गेली नाही. संध्याकाळी ती माती गुलमोहरांच्या बुंध्याशी रिती करून परत गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांना मी अर्ज दिला, रात्री हिंदीत लिहिलेला: पट्टा उघडा ठेवावा, भिंतीचा एक भाग मोडून काठ उतरता करावा. त्यांनी तो फाइलमध्ये ठेवला आणि बाकावर बसून टरबूज खाल्लं. पुढे काय होईल मला ठाऊक नाही. पण वीस पावलांच्या पट्ट्यासाठी मी कुणाचे आभार मानणार नाही. सगळी नदी घेऊन अंगणाएवढी परत देणाऱ्याचे आभार कसले? आणि तीही त्यांनी दिली नाही, ती टरबुजांनी वाचवली.

परवा शेवटचा पेपर देऊन आले तर नानांचा फोन. "निघाली पिल्लं. सकाळीच पाण्याकडे गेली."

"चारही?" मी विचारलं.

"मी मोजली नाहीत," नाना म्हणाले. मग त्यांनी फोन हातभर लांब धरला असावा, कारण त्यांचा आवाज गेला आणि पलीकडून टिटवी ओरडायला लागली. बराच वेळ ओरडत होती. जवळ येणाऱ्या माणसाला पाहून ती जशी ओरडते, तशी. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले.